गॅस गिझर लावताय? आधी जागा बघा, लिटरचं नंतर बघू

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली की सांगलीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात उभं रहा, गिऱ्हाईकाचा प्रश्न ठरलेला, सहा लिटरचा घेऊ का आठचा, आणि डिस्प्लेवाला केवढ्याला पडतो. साताऱ्यात तर थंडीचं विचारूच नका, तिथं गिझर दिवाळीच्या आधीच विकले जातात. पण हे लावायचं कुठं, असं विचारणारा माणूस मला अजून क्वचितच दिसलाय. प्लंबर येतो, बाथरूममध्ये नळाच्या वर ड्रिल मारतो, दोन स्क्रूवर गिझर टांगतो, सिलिंडर बाहेर गॅलरीत ठेवून खिडकीच्या फटीतनं नळी आत घेतो, गरम पाणी आलं की सगळे खूश. आणि थंडी वाजते म्हणून तीच खिडकी आपण आतनं लावून घेतो.

एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा, बाकी सगळं त्यातनंच निघतं. गिझर बाहेर, पाणी आत. इलेक्ट्रिक गिझर बाथरूममध्ये चालतो म्हणून गॅसचा पण चालेल असं नाही, कारण गॅसचा गिझर म्हणजे उघडी चूल आहे. डबा पांढरा आणि चकचकीत असला तरी आत जाळच असतो आणि तो जाळ आपण ज्या हवेत श्वास घेतो तीच हवा खातो.

किती खातो ते जरा आकड्यात बघू, त्याशिवाय लोकांना पटत नाही. सहा लिटरचा गिझर मिनिटाला सहा लिटर पाणी समजा २५ डिग्रीनं गरम करतोय, तर त्याला साधारण साडेदहा किलोवॅट उष्णता लागते, वाया जाणारी धरली तर बारा. बाथरूममधला नेहमीचा इन्स्टंट इलेक्ट्रिक गिझर ३ किलोवॅटचा असतो, म्हणजे हा त्याच्या चौपट. सलग तासभर चालवला तर ९०० ग्रॅमच्या आसपास गॅस जाईल. आणि एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. आता आपलं फ्लॅटमधलं बाथरूम घ्या, पाच बाय सात, उंची आठ फूट, म्हणजे २८० घनफूट, जेमतेम ८ घनमीटर. दहा मिनिटांच्या आंघोळीत दीडशे ग्रॅम गॅस जळला तर त्यानं जवळपास दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपवला, म्हणजे खोलीतल्या हवेचा पाव हिस्सा गेला. दार-खिडकी घट्ट बंद असेल तर २१ टक्क्यांचा ऑक्सिजन १६ च्या आसपास येतो, आणि हे एका माणसाच्या आंघोळीत. त्याच्यामागनं दुसरा लगेच आत जातो, दार परत बंद, तो त्या उरलेल्या हवेत आंघोळ करणार.

आणि खरा घोळ ऑक्सिजन संपण्याच्या आधीच सुरू होतो. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्याला झोंबत नाही, खोकला येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त जोरानं चिकटतो, त्यामुळं थोडासा असला तरी रक्तातली जागा अडवून बसतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, आणि माणसाला वाटतं पाणी फार गरम होतं म्हणून चक्कर आली असेल. कडी काढायला हात वर जात नाही. बाहेरच्यांना फक्त पाणी चालू असल्याचा आवाज येतो आणि पाणी चालू आहे म्हणजे आंघोळ चालू आहे असंच कुणालाही वाटणार.

इथं एक गैरसमज लय पक्का आहे, तो म्हणजे "आमच्यात कधी वास आला नाही ओ". वास येतो तो न जळलेल्या गॅसचा, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य घातलेलं असतं. जळून झालेल्या हवेला तो वास राहत नाही. गळती हा वेगळा धोका आणि कोंडलेली हवा हा वेगळा, दुसऱ्याची परीक्षा नाकानं होत नाही. दुकानात मिळणारा गॅस लीक डिटेक्टर पण साध्या एलपीजीसाठी असतो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा मागून घ्यावा लागतो. घेतलात तर बाथरूमच्या आत वाफेत टांगू नका, बाहेर पॅसेजमध्ये लावा, एलपीजीवाला फरशीजवळ आणि हा दुसरा माणसाच्या तोंडाच्या उंचीला. तो असला म्हणून जागेत तडजोड करायची असं मात्र नाही.

बाहेर म्हणजे नेमकं कुठं

बंगला, रो हाउस किंवा गावाकडचं घर असेल तर प्रश्नच नाही. बाथरूमची जी भिंत मोकळ्या अंगाला असेल त्या भिंतीला बाहेरून गिझर, वर दीड-दोन फुटाचा छज्जा किंवा पत्रा, आणि भिंतीला भोक पाडून गरम पाण्याची लाइन आत. आपल्याकडं पूर्वी बंब कुठं असायचा आठवा, परसात नाहीतर न्हाणीच्या दाराशी, धूर सरळ आभाळात आणि बादली भरून आत. त्या बायकांनी कुठलं मॅन्युअल वाचलं नव्हतं पण धूर घरात कोंडायचा नाही एवढं सगळ्यांना कळत होतं.

फ्लॅटमध्ये ड्राय बाल्कनी ही चांगली जागा, पण ती खरंच उघडी असेल तरच. विश्रामबागला काय नि साताऱ्यात गोडोलीला काय, लोक ताबा मिळाला की आधी ड्राय बाल्कनीला स्लायडिंगच्या काचा बसवून घेतात, कबुतरं नकोत, पाऊस नको म्हणून. काच बसली की ती बाल्कनी राहिली नाही, ती एक छोटी खोली झाली, आणि तिचं दार किचनमध्ये उघडतं, म्हणजे गिझरची सगळी जळकी हवा किचनमध्ये. कबुतरांसाठी जाळी लावा, काच नको. काच आहेच तर गिझरच्या बाजूचे दोन पॅनल कायमचे काढून टाका, "आंघोळीच्या वेळी उघडू" असलं काही ठेवू नका, कारण डिसेंबरात पहाटे कोणी उघडत नाही.

दोन बिल्डिंगांच्या किंवा दोन बाथरूमच्या मधला डक्ट म्हणजे बाहेर नव्हे. वरनं स्लॅब नाहीतर पत्रा टाकलेला असतो, खालनं बंद, आणि चार मजल्यांच्या बाथरूमच्या झडपा त्याच्यातच उघडतात. तुमच्या गिझरची हवा वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या बाथरूममध्ये जाणार. तसंच बाहेर लावलाय पण बरोबर वर बेडरूमची खिडकी आहे, हे पण चालत नाही, गरम हवा वर चढते आणि खिडकीतनं सरळ आत. जिने, माळ्याखालची बोळ, देवघरामागचा कोनाडा, कपाटाच्या आत सुताराकडनं शटर करून झाकलेला गिझर, हे सगळं बाद. इंटिरियरवाला म्हणेल दिसायला बरं दिसत नाही, त्याला म्हणावं राहू दे तसंच.

साताऱ्यातल्या जुन्या पेठांतल्या वाड्यांचं जरा वेगळं असतं. चौक असतो, हवा भरपूर, पण लाकडी तुळया, खाली उतरलेलं छत आणि गिझरच्या डोक्यावर वीतभर अंतरावर शंभर वर्षाची कोरडी लाकडं. गिझरच्या वरनं निघणारी हवा चांगलीच तापलेली असते. लाकूड, प्लास्टिकचा पाइप, वायर, पडदा, वाळत टाकलेले कपडे यांच्यापैकी काही वर नको. किती अंतर सोडायचं ते गिझरसोबत येणाऱ्या पुस्तकात दिलेलं असतं, ते पुस्तक खोक्याबरोबर भंगारात घालू नका.

उंची अशी धरा की उभं राहिलं की आतला जाळ दिसायच्या खिडकीत सरळ बघता यावं, म्हणजे साधारण पाच फुटाला. जाळ बघणं हे पुढं रोजचं काम आहे, वर टांगून ठेवला तर कोण स्टूल घेऊन बघणार.

आता नेहमीचा आक्षेप, बाहेर लावला तर पाणी येईपर्यंत गार होतं. बाथरूमच्या मागच्याच भिंतीला असेल तर काहीच फरक पडत नाही. पंधरा फूट लांब असला तरी अर्धा इंची सीपीव्हीसी पाइपात पाणी मावतं जेमतेम अर्धा ते पाऊण लिटर, म्हणजे पहिली दहा सेकंदं गार पाणी, नंतर गरमच. पाइपाला फोमची नळी चढवा, काम झालं. वाऱ्यानं जाळ विझतो हा आक्षेप मात्र खरा आहे, सातारा-वाई पट्ट्यात उघड्या गच्चीवर हा त्रास होतो. त्यावर उपाय म्हणजे वाऱ्याच्या बाजूला थोड्या अंतरावर एक आडोसा, एकच बाजू. तिन्ही बाजूंनी पत्रे मारून डबा केला की परत तेच दुखणं.

सिलिंडर आणि नळी

सिलिंडर गिझरच्या खालच्या अंगाला, बाहेर, उभा, सपाट जागेवर. एलपीजी हवेपेक्षा जड, दीड ते दोन पट, त्यामुळं गळाला की तो जमिनीवर पसरतो आणि उताराकडं पाण्यासारखा वाहतो. म्हणून सिलिंडर मोरीच्या तोंडाशी, ड्रेनेज चेंबरच्या झाकणाजवळ, तळघरात किंवा खड्ड्यात नको. बाथरूमच्या आत तर नकोच नको, तरी लोक ठेवतात, वर पाट टाकून साबण ठेवायला वापरतात, हे बघितलंय.

नळी ती नारिंगी सुरक्षा नळी, आत तारेची जाळी असलेली, दीड मीटरपर्यंतची, आणि पाच वर्षांनी बदलायची, तारीख नळीवरच छापलेली असते. भिंतीच्या भोकातनं किंवा खिडकीच्या फटीतनं रबरी नळी नेऊ नका, घासते, उंदीर कुरतडतात आणि चिरलेली दिसत नाही. भिंत ओलांडायची असेल तर तांब्याचा नाहीतर जीआयचा पाइप आणि गिझरजवळ एक व्हॉल्व्ह. हे काम तुमच्या गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडनं करून घ्या, प्लंबरनं पाण्याची लाइन करावी. पाइपचा गॅस असेल तर एलपीजीचा गिझर तसाच जोडायचा नाही, दोन्हीचं नोझल वेगळं असतं आणि चुकीच्या नोझलवर जाळ नीट जळत नाही.

आतच आहे आणि हलवता येत नाही, तर

भाड्याचं घर आहे, मालक भोक पाडू देत नाही, सोसायटी बाहेर काही लावू देत नाही, हे सगळं खरं आहे. तोवर एक पद्धत, आणि ती आजपासून. दार सताड उघडं ठेवा, खिडकी उघडी, आत कोणी नाही, गिझर लावून बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दोन मिनिटं हवा खेळू द्या, मग आत जा आणि बादलीतनं आंघोळ करा. गिझर चालू आणि माणूस आत आणि दार बंद, या तीन गोष्टी एकाच वेळी नकोत. शॉवरची हौस असेल तर इलेक्ट्रिक गिझर किंवा सोलर घ्या, सांगली भागात ऊन काय कमी नाही.

आत ठेवायचाच असेल तर कायमची उघडी भोकं दोन हवीत, एक खाली फरशीपासून वीतभर वर आणि एक वर छताजवळ, दोन्ही बाहेरच्या मोकळ्या हवेत उघडणारी. एकानं भागत नाही, गरम हवा वरनं जायला खालनं गार हवा आत यावी लागते. माझ्या मते प्रत्येकी नऊ इंच बाय नऊ इंच तरी हवं आणि पुस्तकात त्याहून मोठं सांगितलं असेल तर ते. लूव्हर्सच्या पट्ट्यांनी निम्मी जागा खाल्ली जाते, डासांची बारीक जाळी लावली की साबणाच्या वाफेनं आणि धुळीनं ती दोन महिन्यात बुजते, तर हिशोब उघड्या जागेचा धरा. थंडीत लोक या भोकांत पोतं कोंबतात, तेवढं घरच्यांना बजावून ठेवा, खास करून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना, त्यांना गार वारा सोसत नाही आणि कारण कोणी सांगितलेलं नसतं.

एक्झॉस्ट फॅन आहे की, असं म्हणणारे पुष्कळ. फॅन हवा बाहेर फेकणार ती कुठनं आणणार, खाली झडप नसेल आणि दाराला फट नसेल तर तो नुसता गरगरतो. दुसरं म्हणजे, लाइट गेली की फॅन बंद पडतो पण गॅस गिझर दोन सेलवर चालतो, तो चालूच राहतो. आपल्याकडं लाइट जायला मुहूर्त लागत नाही. आणि धुराची नळी जोडलेला गिझर असेल तर त्याच खोलीत एक्झॉस्ट लावणं उलट धोक्याचं, फॅन नळीतली जळकी हवाच परत आत ओढतो. धुराची नळी लावायची तर ज्या मॉडेलला तशी सोय कंपनीनं दिलीय त्यालाच, गिझरपासून आधी सरळ वर, मग बाहेर, कमीत कमी वळणं, तोंडाला टोपी, आणि शेवट उघड्यावर, माळ्यावर किंवा डक्टमध्ये नाही.

वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर, ऑक्सिजन कमी झाल्यावर बंद होणारा सेन्सर, हे असलेला आयएसआय मार्कचा गिझर घ्या, जरूर घ्या. पण वर हिशोब केला तो दहा मिनिटांचा होता. आणि टायमरनं बंद पडला की नळ बंद करून परत चालू केला की तो परत पेटतो, हे सगळ्यांना माहिती असतं.

कडी काढून टाका. बाथरूमला बाहेरून पण उघडता येईल असं लॉक बसवा, आणि दार आत उघडणारं असेल तर सुताराला बोलावून बाहेर उघडणारं करा. आत माणूस दाराला टेकून पडला तर आत उघडणारं दार ढकलता ढकलत नाही.

महाबळेश्वर, पाचगणी, कास भागात होम स्टे चालवणाऱ्यांनी तर हे दुप्पट पाळावं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर, तिथं हवा समुद्रसपाटीपेक्षा १४-१५ टक्के विरळ, म्हणजे तेवढ्याच खोलीत ऑक्सिजन आधीच कमी, वर थंडीमुळं सगळ्या खिडक्या बंद, आणि पाहुण्याला तुमच्या गिझरची काहीच कल्पना नसते, तो अर्धा तास शॉवर घेणार. तिथं गिझर बाहेरच हवा, दुसरा पर्यायच धरू नका.

बसवल्यावर काय बघत रहायचं

जाळ निळा आणि स्थिर हवा. पिवळा, लांब, लवलवणारा दिसला किंवा गिझरच्या वर भिंतीला काजळी धरली की हवा कमी पडतेय नाहीतर बर्नर चोंदलाय, वापर बंद, मेकॅनिकला फोन. सेल बदलून हे जात नाही.

हवा खेळते का ते बघायला अगरबत्ती चांगली. गिझर बंद, गॅसचा वास अजिबात नाही याची खात्री करून खालच्या भोकाजवळ पेटलेली अगरबत्ती धरा, धूर आत ओढला गेला आणि वरच्या भोकाकडं निघाला तर ठीक, जागच्या जागी घुटमळला तर भोकं लहान आहेत किंवा चुकीच्या जागी. गळती बघायला मात्र अगरबत्ती-काडीपेटी बिलकुल नाही, साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे.

जत, कवठेमहांकाळ, तासगाव भागात बोअरचं पाणी जड असतं, तांब्याच्या कॉइलमध्ये क्षार धरतात. बाहेरनं कॉइलच्या पत्र्यांमध्ये काजळी आणि धूळ बसली की जळकी हवा वर जायची वाट अरुंद होते आणि जाळ बिघडतो. पावसाळ्यात न वापरलेल्या गिझरच्या बर्नरमध्ये कोळी जाळं करतो, मातीची घरं बांधणाऱ्या माश्या भोकं बुजवतात. म्हणून थंडीच्या आधी वर्षातनं एकदा खोलून साफ करून घ्या. आणि कृष्णेच्या पुराच्या पट्ट्यात, २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांना सांगायला नको, पुरात बुडालेला गिझर आणि रेग्युलेटर वाळवून परत लावायचा नाही. गाळ आत कुठं बसलाय ते वरनं दिसत नाही.

तरीही असं काही झालं तर

हाक मारली आणि आतनं उत्तर नाही, तर वाट बघू नका, दार उघडा नाहीतर तोडा. श्वास रोखून आत जा, नळ बंद करा म्हणजे गिझर विझेल, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा, दुसऱ्यानं तोवर सिलिंडर बंद करावा. आत बसून तोंडावर पाणी मारत बसू नका, तुम्ही पण तिथंच पडाल. कांदा, चप्पल हुंगवणं यातला वेळ वाचवा आणि १०८ ला फोन करा. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. नुसता गॅसचा वास येत असेल, जाळ नसेल, तर लाइटचं बटण चालू-बंद काहीच करू नका, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, बाहेर जाऊन १९०६ ला कळवा.

दवाखान्यात गेल्या गेल्या डॉक्टरांना "गॅस गिझर चालू होता" हे पहिलं वाक्य सांगा, नाहीतर चक्कर, बीपी, शुगर यातच वेळ जातो. घरी कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर असेल तर त्याच्यावर ९८ दिसलं म्हणून गप्प बसू नका, त्या मशीनला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजनचं रक्त यातला फरक कळत नाही, त्याच्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते. मोकळ्या हवेत हा वायू रक्तातनं निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कनं पूर्ण ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासावर येतं, म्हणून शुद्धीवर आला तरी नेलंच पाहिजे, मिरजेला नाहीतर जे जवळ असेल तिथं. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर नुसतं डोकं दुखत असलं तरी दाखवा. त्याच बाथरूममध्ये त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी आंघोळ केलीय त्या सगळ्यांना डोकं दुखतंय का, मळमळतंय का ते विचारा. आणि कारण सापडून दुरुस्ती होईपर्यंत त्या गिझरचे सेल काढून ठेवा, म्हणजे घाईत कोणी सवयीनं नळ सोडला तरी तो पेटणार नाही.